चौथ्या बोगद्याचं कडवं

बसा असे जवळ. दिवा तुमच्यासाठी लावून ठेवलाय, मला त्याचा काही उपयोग नाही. चार वर्षांचा असताना गोवरात माझे डोळे गेले. तेव्हापासून केंटकीच्या या डोंगरांत रस्त्यावर फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवून पोट भरतोय. कुणाची पावलं दारूने अडखळतात आणि कुणाची दुखऱ्या गुडघ्याने, हे मी लांबून सांगतो. बढाई नाही ही, माझा धंदाच तो आहे.

एका वर्षी मार्चमध्ये इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, सतरा माणसं गेली. असं काही झालं की गाणं बांधायचं काम माझ्याकडे येतं. मी बोगद्यागणिक एक कडवं केलं आणि जे जिथे मेले त्यांची नावं तिथे घातली. चौथ्या बोगद्यात कुणीच नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. आग पसरू नये म्हणून तो त्यांनी भिंत घालून बंद केला. त्या कडव्यात मी नुसता धूर आणि अंधार घातला.

लेफ स्लोनचं नाव त्या सतरांत नव्हतं. लेफ माझा काड्या मारणारा. मी वाजवायला लागलो की समोर बसून तो गवताच्या दोन काड्या माझ्या तारांवर आपटायचा. सूर माझा, ठेका त्याचा. उजव्या हाताची दोन बोटं खाणीत गेलेली, म्हणून त्याचा तिसरा ठोका किंचित उशिरा पडायचा. स्फोटापासून तो बेपत्ता होता. मुकादम सांगत सुटला होता, की लेफ त्या दिवशी कामावर आलाच नाही, कुठलीशी बाई घेऊन गाडीने पळाला. त्याची बायको ओर्फा हे गावभर ऐकत होती. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. पोरीचं फार वाईट वाटायचं मला.

एप्रिलमध्ये कोर्टाचा सोमवार आला; महिन्यातून एकदा त्या दिवशी खटल्यांसाठी आणि बाजारासाठी सगळा मुलूख कचेरीच्या चौकात जमतो. सकाळीच मी कचेरीच्या पायऱ्यांवर नेहमीच्या जागी बसलो. ऊन गुडघ्यांवर आलं होतं, शेजारी कुणीतरी मक्याची भाकरी खात होतं. ओर्फा माझी छापील गाणी विकायला आली होती. मी खाणीचं गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला तारांवर काड्या पडल्या. तिसरा ठोका उशिरा.

मला आनंद झाला आणि संतापही आला. गज न थांबवता मी म्हणालो, "आलास का रे भामट्या? बायको रडून अर्धी झाली तुझी."



"एनॉककाका," ओर्फा हळूच म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

"तुझ्या नवऱ्याशी. हा काय बसलाय समोर."

"समोर कुणी नाही, काका…"

"तारांना बोट लाव."

तिने लावलं. 

"कुणीतरी… मारतंय…"

आता मला वास आला. ओल्या कोळशाचा, बंद जागेतला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण फिडल खाली ठेवली नाही. तिसरं कडवं झालं, काड्या चालूच. चौथं सुरू केलं आणि काड्या थांबल्या. पाचव्याला पुन्हा सुरू. मी गाणं पहिल्यापासून घेतलं. चौथ्याला पुन्हा तेच.

"तिथंच का गप्प होतो तो?" ओर्फाने विचारलं.

"तिथं त्याचं नाव नाही म्हणून."

मागून मुकादम हसला. "आंधळ्याच्या नादी लागून भिंत फोडायची का आता?"

"डोळे गेलेत माझे, कान नाहीत," मी म्हणालो. "लेफ चौथ्या बोगद्यात आहे. नसला तर याच पायऱ्यांवर फिडल फोडीन आणि पुन्हा गावात तोंड दाखवणार नाही."

 ओर्फा सरळ खाणीच्या वाटेला लागली. मग एकेक करून माणसं तिच्यामागे निघाली.

बुधवारी भिंत फुटली. लेफ आतल्या बाजूने भिंतीलाच टेकून बसला होता. ओर्फाने त्याला टेकडीवर पुरलं. त्या रविवारी तिच्या बाकावर जागा उरली नाही, आणि मी चौथ्या कडव्यात त्याचं नाव घातलं.

पण लेफ एकटा नव्हता. त्याच्या उजव्या खांद्याला खांदा लावून आणखी एकजण बसला होता. चेहरा शाबूत होता, तरी त्याला खाणीतल्या कुणी ओळखलं नाही, गावातल्याही नाही. बिननावाचाच पुरला त्याला.

आता काड्या ओर्फा मारते. दर कोर्टाच्या सोमवारी गाणं धरण्याआधी मी हळूच म्हणतो, "नाव सांग बाबा, घालतो." उत्तर येत नाही. परवा मात्र मी तिला विचारलं, "एवढी गर्दी असते, मग माझ्या उजव्या अंगाला कुणी उभं का राहत नाही गं?"

तिने काड्या खाली ठेवल्या.

"तिथं जागा रिकामी नसते, काका…"