सत्काराआधी नाहीशी झालेली परिचारिका

"पळवली! मॅडम, पोरगी पळवली हो!"

सभागृहामागच्या खोलीच्या दारात भाऊ दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दक्षता अधिकारी बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खोलीत पाहिलं. खोलीत पाहण्यासारखं जास्त होतं.

बाई पूर्वी पोलिसात होत्या. तिथून नगरपालिकेत आल्या आणि आल्या आल्या फुगवलेली बिलं आणि फुगलेली माणसं फोडायला लागल्या. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना 'टाचणी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

खोलीत एक आरसा, एक खुर्ची, अर्धवट प्यायलेला चहा. खुर्चीच्या पाठीवर परिचारिकेचा पांढरा कोट. कोरा, दुकानातल्या घड्या तशाच. माणूस मात्र नाही.

"दाराला बाहेरून कुलूप होतं," भाऊ हुंदके देत म्हणाले. "मी हाका मारल्या. उत्तर नाही. मग रखवालदाराकडची दुसरी किल्ली आणून उघडलं. आत कोणी नाही!"

"पहिली किल्ली कुठंय?"

"तीच तर नाही ना सापडत!"

तेवढ्यात अध्यक्ष आले. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणजे खड्या आवाजाचा, घामट, सदा घाईत असलेला गृहस्थ. "हे काय ऐकतोय मी? बाहेर लोक बसलेत! कॅमेरेवाले आलेत! मुलगी कुठाय?"

मुलीला काही झालं असेल का, हे त्यांनी विचारलं नाही. टाचणीने ते मनात नोंदवून ठेवलं. तसं नवीन काही नव्हतं. अध्यक्षांबद्दलच्या तिच्या मनातल्या कप्प्यात आता जागाच उरली नव्हती.

प्रकरण असं होतं. शिक्षणासाठी कर्ज काढून बसलेल्या गावातल्या तरुणांना मदत करायची, असं पालिकेने वर्षापूर्वी जाहीर केलं. खिडकी उघडली, पाटी लावली, आणि योजना अधिकारी म्हणून भाऊंना बसवलं. भाऊ म्हणजे मऊ आवाजाचे, आलेल्या प्रत्येक पोराच्या खांद्यावर हात ठेवणारे, त्यांच्या आधी स्वतःच रडणारे. सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणत होतं. आज योजनेच्या पहिल्या लाभार्थीचा सत्कार होता. एका परिचारिकेचं सगळं कर्ज पालिकेने फेडलं होतं. व्यासपीठावर तिला द्यायला दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश तयार होता. त्यावर अध्यक्षांचा फोटो धनादेशावरच्या आकड्यापेक्षा मोठा होता.

"मी सांगतो कोणी नेली," भाऊ म्हणाले. "वसुलीवाला! दुपारी मागच्या दाराशी घुटमळत होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"कर्ज फिटलं ना? मग तो कशाला येईल?"

"अहो, हावरी जात ती! व्याजावरचं व्याज मागतात."

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "मी तेच म्हणणार होतो."

टाचणीला शंका होती की अध्यक्ष काहीही म्हणणार नव्हते.

तिने आधी ध्वनियंत्रणेवाल्याला गाठलं. म्हातारा माणूस तारांच्या गुंत्यात बसला होता.

"मुलीला पाहिलं होतं?"

"पाहिलं म्हणजे? माझी नाडी बघितली की तिने! सकाळी तालमीच्या वेळी मला भोवळ आली. अध्यक्ष म्हणाले, अरे नर्स आहे ना इथं! मग ती आली."

"काय केलं तिने?"

"हात धरला, हे असं." त्याने टाचणीच्या मनगटावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि दाबला. "आणि म्हणाली, काका, एकदम ठणठणीत आहात. गोड पोरगी. पण मला तर तासभर गरगरत होतं."

"पुन्हा दाखवा. कोणतं बोट?"

"अंगठा म्हटलं ना."

"त्यानंतर ती कुठे गेली?"

"मागच्या खोलीत. मग भाऊंनी माइकवरून सांगितलं का मंत्र्यांचं येणं रद्द झालंय... नाही, भाऊंनी नव्हे. अध्यक्षांनी सांगितलं. मंत्र्यांऐवजी नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या बाई येणार. भाऊंना तेव्हाच कळलं असावं, कारण हातातला पेलाच पडला त्यांचा. माझ्या तारांवर. बघा, अजून ओलं आहे."

टाचणी सभागृहात आली. पहिल्या रांगेत एक जाडजूड बाई कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसली होती.

"वहिनी," अध्यक्ष तिला सांगत होते, "भाऊंना जरा धीर द्या हो. फार हळवा माणूस."

"मी कशी उठू?" भाऊंची बायको फणकारली. "सकाळपासून इथं बसवून ठेवलंय. उठले तर खुर्ची जाईल. पाठीचा पार भुगा झाला."

मागच्या फाटकावर पहारेकरी होता. त्याच्या शेजारी, बाकावर, चक्क वसुलीवाला बसला होता. आडदांड देह, बारीक मिशी, मांडीवर हेल्मेट.

"मी कोणाला पळवलं नाही," तो टाचणीला पाहताच म्हणाला. "या पहारेकऱ्याला विचारा. दुपारपासून इथं बसलोय. लघवीलासुद्धा उठलो नाही."

"खरंय बाई," पहारेकरी म्हणाला. "याचं तोंड बघून बघून वैतागलोय मी."

"कशाला आलास?"

"माझ्या कामाला. कार्यक्रम संपला की बोलणार होतो तिच्याशी. गर्दीत माणूस लवकर वाकतो, मॅडम. हा अनुभव आहे."

टाचणीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हेल्मेट उगाच दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"तिला ओळखतोस?"

"तोंडाने नाही. फोनवर. दोन वर्षं झाली. काल संध्याकाळीच बोललो. आवाज ऐकला की थरथरते बिचारी. पण आज नवलच झालं. सकाळी ती आत जाताना मी आडवा आलो, नाव घेतलं, माझं नाव सांगितलं. तर हसली! वर नमस्कार केला. म्हटलं, सत्कार डोक्यात गेला वाटतं."

"आवाज कसा होता?"

"किणकिणता. कालचा सर्दीने बसला होता." तो थांबला. "एका रात्रीत बरा झाला म्हणायचा."

टाचणी पहारेकऱ्याकडे वळली. "या फाटकातून कोण कोण बाहेर गेलं?"

"कोणी नाही. फक्त भाऊंची गाडी. प्राचार्या बाईंची घोषणा झाली त्यानंतर लगेच. मागच्या सीटवर वहिनी होत्या. डोक्यावरून ओढणी, डोळ्यांवर हा एवढा गॉगल. ड्रायव्हर म्हणाला, वहिनींना बरं वाटत नाही, घरी सोडून येतो."

"तू वहिनींशी बोललास?"

"साहेबांच्या बायकोशी आपण कशाला बोलायचं? सलाम ठोकला."

टाचणीने वसुलीवाल्यापुढे हात पसरला. "फोन दे. आणि तिचा नंबर लाव."

"आता? पळवलेली मुलगी फोन उचलेल होय?"

"लाव."

पलीकडून फोन उचलला गेला. जे ऐकू आलं त्याने टाचणीला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ती चार वाक्यं बोलली, त्यातलं शेवटचं होतं, "गाडी पाठवते, आहे तशी ये." मग तिने स्वतःच्या जुन्या पोलीस ठाण्यात एक फोन केला आणि भाऊंच्या घरचा पत्ता दिला.

सभागृहाशेजारच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते. भाऊ रुमालात तोंड खुपसून होते. त्यांच्या बायकोला खुर्ची सोडून यावं लागलं म्हणून ती धुसफुसत होती. वसुलीवाला भिंतीला टेकला होता. प्राचार्या बाई नुकत्याच आल्या होत्या. ताठ कण्याच्या, पिकल्या केसांच्या. त्या म्हणाल्या, "मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. तिचं नाव ऐकलं म्हणून मी आले. पोलिसांत कळवलं का?"

"कळवलंय," टाचणी म्हणाली. "बाई, मला एक सांगा. तुमच्या विद्यार्थिनीने रुग्णाची नाडी अंगठ्याने पाहिली तर?"

"पहिल्या आठवड्यातच तिला वर्गाबाहेर उभं करीन. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. रुग्णाच्या ऐवजी स्वतःचेच ठोके मोजून बसेल."

"आज सकाळी इथल्या मुलीने तेच केलं. शिकलेली परिचारिका झोपेतही असं करणार नाही. म्हणजे ती परिचारिका नव्हती."

"काय बोलताय!" अध्यक्ष ओरडले.

"बसा, अध्यक्ष. या वसुलीवाल्याने दोन वर्षं ज्या मुलीला फोनवर छळलं, ती त्याचं नाव ऐकून हसली. का? कारण तिने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. आणि हा इथं आलाच का? हावरटपणा म्हणून? हा हावरट आहेच. पण हा कालसुद्धा फोन करत होता, कारण बँकेच्या लेखी कर्ज जसंच्या तसं आहे. एक पैसाही फिटलेला नाही."

"पण आम्ही पैसे मंजूर केलेत!" अध्यक्ष म्हणाले. "मी स्वतः सही केली!"

"केलीत. कशावर केलीत ते मात्र वाचलं नाही." टाचणी भाऊंसमोर जाऊन उभी राहिली. "खरी मुलगी तुमच्या खिडकीवर आली होती, तिनेच मला आता फोनवर सांगितलं. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवलात, रडलात, आणि सांगितलंत की अर्ज बसत नाही. मग तोच अर्ज मंजूर करून घेतलात आणि तिच्या नावाने दुसरंच खातं उघडून पैसे तिकडे वळवलेत. सगळं सुरळीत होतं. पण अध्यक्षांना फोटो काढायची हौस आली. व्यासपीठावर उभी करायला जिवंत लाभार्थी हवी झाली. तुम्ही एक आणलीत, कोट घालून. मंत्री आले असते तर खपूनही गेलं असतं. मंत्र्यांना कुठली नर्स आणि कुठली कोण! पण ऐन वेळी प्राचार्या यायच्या ठरल्या आणि तुमच्या हातातला पेला पडला."

"मॅडम, मी... तिला तर पळवून..."

"पळवलीच. तुमच्याच गाडीतून. आजारी पडली म्हणाला असतात तर अध्यक्ष कॅमेरे घेऊन तिच्या उशाशी गेले असते. म्हणून अपहरण. कार्यक्रम रद्द होणार, प्राचार्या परत जाणार, आळ वसुलीवाल्यावर जाणार आणि तुम्ही आणखी देवमाणूस ठरणार. खोलीला कुलूप तुम्हीच घातलंत. किल्ली अजून तुमच्याच खिशात असेल. पहारेकऱ्याने गाडीत वहिनींना पाहिलं, घरी जाताना." ती वळली. "वहिनी, तुम्ही आज घरी गेला होतात?"

"मी? अहो, जागची हललेसुद्धा नाही! सगळी रांग साक्षीला आहे."

मग तिलाच काहीतरी उमगलं. ओढणी, गॉगल, किणकिणता आवाज. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "माझी धाकटी बहीण सकाळी माझा गॉगल मागून घेऊन गेली. कशाला ते सांगितलं नाही. तुम्ही माझ्या बहिणीला...?"

भाऊंचे अश्रू थांबले. नळ बंद करावा तसे. टाचणीला वाटलं, वर्षभरात या माणसाचा कोरडा चेहरा आज पहिल्यांदाच दिसतोय, आणि तो किती सामान्य आहे.

"फक्त थोडे दिवस वापरणार होतो," ते पुटपुटले. "नंतर भरणारच होतो."

"याहून बरं खोटं बोला, भाऊ. वर्षभर सराव केलात."

मेव्हणीला पोलिसांनी भाऊंच्याच घरातून, टीव्हीसमोरून उठवून आणलं. तिला फक्त 'नाटकात छोटं काम आहे' असं सांगण्यात आलं होतं, आणि कामाचे पैसेही मिळाले नव्हते. थोरल्या बहिणीने तिला सोडून आधी स्वतःच्या नवऱ्यालाच दोन ठेवून दिल्या. पोलीस मध्ये पडले, पण फार लगबगीने नाही.

मग खरी परिचारिका आली. ड्युटीवरचा चुरगळलेला गणवेश, नाक लाल, पायांत सपाट बूट. प्राचार्यांनी तिला जवळ घेतलं. भिंतीला टेकलेला वसुलीवाला तिचा बसका आवाज ऐकून सरळ उभा राहिला, आणि मग कुठे पाहावं ते त्याला कळेना.

अध्यक्षांना मात्र कळलं. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! खरी मुलगी आलीच आहे की! मग अडचण काय? पाहुणे बसलेत. पाच मिनिटं चला वर, ताई. फक्त धनादेश धरून उभं राहायचं."

"माझं कर्ज फिटलं का?" तिने विचारलं.

"ते होईल हो. चौकशी होईल, प्रक्रिया असते..."

"मग सत्कार कसला?"

अध्यक्षांनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने छताकडे पाहिलं.

"मला वॉर्डात परत जायचंय," परिचारिका म्हणाली. "मागे एकट्या शिकाऊ मुलीवर सगळं टाकून आलेय." प्राचार्या तिच्यासोबत निघाल्या. पाठोपाठ सभागृहात बातमी फुटली, आणि लोक खुर्च्या सरकवत उठायला लागले. अध्यक्ष तरीही व्यासपीठावर चढून बोलले. समोर कॅमेरे होते ना.

वसुलीवाला निघताना टाचणीने त्याला थांबवलं. "पैसे परत मिळेपर्यंत तिला फोन करायचा नाही. फार बोलावंसं वाटलं तर माझा नंबर घे."

त्याने नंबर घेतला नाही.

खात्यातले पैसे गोठवले गेले, न्यायालयातून सुटायला चार महिने लागले, आणि मग खरोखर बँकेत भरले गेले. भाऊंच्या टेबलाच्या खणांत आणखी किती पोरांचे 'न बसणारे' अर्ज मंजूर होऊन पडले होते, ते शोधायला टाचणी स्वतः त्या खिडकीवर बसली. तिने कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती कोणासमोर रडलीही नाही. लोक म्हणाले, बाई फार रुक्ष आहे. पण कर्जं फिटायला लागली.

वर्ष संपताना अध्यक्षांच्या कार्यालयातून निरोप आला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचाय, तरी योजनेचा ज्याला सर्वांत आधी लाभ झाला त्याचा एक चांगला फोटो तातडीने पाठवावा.

टाचणीने भाऊंचा पाठवला.