आठाचे तीन कसे झाले?

माणसाचं दुखणं निम्म्याहून कमी झालं, तर तो जास्त चालेल की तेवढाच? पहिलीतलं पोरही याचं उत्तर देईल. पण नांदेडच्या वेदना केंद्रात बसलेल्या अकरा वर्षांच्या संघमित्रासमोर, म्हणजे घरच्यांच्या मित्रासमोर, गणित उलटं पडलं होतं. वहीत तिच्या पप्पांचं दुखणं दहापैकी आठवरून तीनवर आलं होतं, आणि पायाला बांधलेली, चालणं-झोपणं मोजणारी पट्टी सांगत होती की पावलं पूर्वीइतकीच, दिवसाला चारशे.

"वही आणि पट्टी, दोघींपैकी एक थापा मारतेय," मापाडी म्हणाला.

मापाडी हा केंद्रातला यंत्रमानव. दिवसभर लोकांचं दुखणं मोजत फिरतो, म्हणून पप्पांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. पप्पा, म्हणजे प्रल्हाद कांबळे, विजेच्या खांबांवर चढणारे लाईनमन. चार वर्षांपूर्वी ते खांबावरून पडले. शस्त्रक्रियेने मणके सांधले, पण पायातली आग आणि कमरेची कळ काही गेली नाही. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, सुया झाल्या. तेवढ्यात खांबांची कामं ड्रोन करू लागले. पडलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, हे मित्राला फार लवकर कळलं होतं.

आता एकच आशा उरली होती, चेतक (मज्जारज्जूला विजेचे बारीक झटके देणारं यंत्र). मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या पोकळीतून जाणारी नसांची जाड दोरी.

पप्पांनी मित्राला ते आपल्या भाषेत समजावलं होतं. "तारेतला बिघाड कधीच दुरुस्त झालाय, तरी तक्रारीचा फोन वाजतच राहतो. चेतक बिघाड काढत नाही. तो फोनची लाईन गुंतवून ठेवतो, म्हणजे तक्रार मेंदूपर्यंत जात नाही."

पण चेतक सगळ्यांना बसवत नाहीत. आधी सात दिवसांची चाचणी. सुईवाटे पाठीत दोन तारा सोडायच्या, यंत्र बाहेर पट्ट्याला अडकवायचं. दुखणं निम्म्याने तरी उतरलं, चालणं-झोपणं सुधारलं, तरच ते कायमचं कातडीखाली. आज सातवा दिवस होता.

"पट्टी बिघडली असेल," मित्रा म्हणाली.

"रात्रीही ते रोज पाच वेळा उठलेत. खरं खरं सांग, आकडे कोण लिहायचं?"

"मीच. ते सांगायचे, मी लिहायचे." मित्राने ओठ चावला. "ते चार म्हणायचे, मी तीन लिहायचे. आजारी माणसाबद्दल शुभ बोलावं, असं आई म्हणते. कुणी विचारलं तरी आम्ही घरात बरंच आहे म्हणतो."

मागच्या बाकावरून पप्पा हलकेच बोलले, "आणि मला सहा वाटायचं तेव्हा मी चार सांगायचो, माय. तू पेन घेऊन तोंडाकडे बघत बसायचीस. सहा कसं म्हणावं?"

मित्राला त्यांचा भयंकर राग आला. मग तोच राग फिरून स्वतःवर आला, आणि तो जास्त जड होता. आठातून सहा म्हणजे दोनच कमी. निम्मं सोडाच, पावभर.

"पण असं का झालं?" तिने विचारलं.

"तुझ्या पप्पांना दुखणी दोन आहेत," मापाडी म्हणाला. "पायातली आग दुखावलेल्या नसेची. ती उतरली ना?"

"उतरली," पप्पा म्हणाले. "कंबर तशीच आहे."

"कमरेचे सांधे झिजलेत. तिथली तक्रार खोटी नाही, खरी आहे. अशा दुखण्यावर या तारांचा फारसा उपयोग होत नाही. आणि त्यांना चालू देत नाही, झोपू देत नाही, ती कंबरच."

"मग पायापुरतं तरी बसवा."

तेवढ्यात आलेल्या डॉक्टर तस्नीम यांनी वही पाहिली, पट्टी पाहिली, मापाडीकडून सगळं ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. "बसवायचं म्हणजे पुन्हा चिरफाड. जंतू शिरू शकतात, तारा सरकू शकतात. एवढं करून झोप नाही, चालणं नाही. तीन हा आकडा खरा धरला असता तर मी उद्याच शस्त्रक्रिया केली असती. प्रल्हादभाऊ, हे तुमच्यासाठी नाही."

"म्हणजे पप्पा नापास?"

"नापास कुणी नाही. कुणाला बसवायचं नाही, हे कळायलाच चाचणी असते."

वाक्य बरोबर होतं. मित्राला ते समजलंही. पण बरोबर वाक्याने कुणाची कंबर दुखायची थांबत नाही, आणि तिला रडू यायचं ते आलंच.

डॉक्टरांनी सांध्यांसाठी वेगळे उपचार लिहून दिले. कमरेच्या दुखण्यावर चालेल असा चेतक कुठेतरी तयार होतोय, असंही म्हणाल्या. "तो बनवणाऱ्या लोकांना तुमचे खरे आकडे लागतील."

"तो कधी येईल?"

"माहीत नाही, बेटा."

पाठीतल्या तारा काढल्या. बाहेर पडताना पप्पा नेहमीसारखे दुखणं लपवत चालले नाहीत. व्हरांड्याच्या मध्यावर त्यांनी खांब धरला.

"मित्रा, थांब जरा. आठ आहे."

होईल बरं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, पिशवी खाली ठेवली, आणि त्यांना टेकता येईल असा आपला खांदा पुढे केला.