डिझेलमधली हवा

दोनदा फिल्टर बदलूनही आमची जुनी पिकअप चालू राहीना, तेव्हा मिस्त्री सकाळीच घरी आला. टाकी उतरवून धुतली होती, नळ्या नव्या होत्या, पंपही नवा. तरी गाडी फाटकापर्यंत जाऊन बंद पडायची. आईला रात्रीपासून श्वास पुरत नव्हता. रुग्णवाहिका संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती, आणि तेवढा वेळ तिच्याकडे आहे असं मला वाटत नव्हतं.

"ताई, कुठूनतरी हवा ओढतेय," मिस्त्री म्हणाला. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. मी फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबू लागले. हवा निघून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, एवढंच काम.

खिडकीशी बसलेली आई म्हणाली, "मिस्त्री, आधी माझं बघा. माझंही मॉडेल जुनंच आहे."

"मावशी, तुमचे पार्ट मिळत नाहीत हो!"

ती हसली आणि खोकत राहिली.

स्क्रूपाशी बुडबुडे येतच होते. टाकी भरलेली, सगळे जोड कोरडे. त्या नळीत मावेल त्याच्या कितीतरी पट हवा बाहेर पडली होती. मी पंप दाबायची थांबले.

बुडबुडे थांबले नाहीत.

एक यायचा, मग विराम, मग दुसरा. आई खोकली की एकदम फसफसायचे. तिचा श्वास अडला की डिझेल सपाट. मी तिच्या खांद्यांकडे आणि स्क्रूकडे आळीपाळीने बघत राहिले. कुठे चुकतंय ते शोधलं. कुठेच चुकत नव्हतं.

"स्क्रू लावा," मी म्हणाले.

"हवा राहिली तर गाडी कशी चालू होणार? मावशींना न्यायचंय ना?"

न्यायचं होतं. पाना माझ्या हातापाशीच होता. मी तो उचलला नाही.

बुडबुडे बारीक झाले. मग स्वच्छ धार आली.

"संपली!" मिस्त्रीने स्क्रू आवळला. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

मी धावत आत गेले. आई चपला घालत होती.

"किती मोकळं वाटतंय गं," ती म्हणाली.

बाहेर कडाक्याची थंडी होती. माझ्या बाजूची काच सारखी धूसर होत होती, मी ती बाहीने पुसत गाडी चालवत होते. आईने काचेला नाक टेकवलं आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली, एकामागून एक, कुठेही न थांबता.

तिच्यापुढची काच लख्ख होती.