बाटलीच्या तळाशी

भिकाजी साळवी सगुणाबाईंच्या रत्नागिरीतल्या मांडवीच्या घरात शिरले ते तणतणतच.

"जावय येतंय रविवारी. धोंडा ना! घरभर अनारशांचं पीठ मांडून ठेवलंय. मला शिंकायची चोरी, बाई. माझ्या लग्नात नाही कुणी माझे एवढे लाड केले."

"जावयावर जळताय होय?" सगुणाबाई मयेकर हसल्या.

बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. आता खासगी तपासाची कामं घेत. एसटीतून निवृत्त झालेले भिकाजीराव त्यांचे मदतनीस. त्यांची मदत थोडी आणि तोंड मोठं, पण सोबतीला माणूस बरा होता.

तेवढ्यात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"ये गो, बस. काय झालं?"

"बाई, मी वेदिका तोडणकर. पर्यावरण रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतेय. मला कॉलेजात खोटारडी ठरवलंय."

पाणी पिऊन तिनं सगळं सांगितलं. कातळावरच्या एका गावातल्या पाच विहिरींचं पाणी तिनं मागच्या आठवड्यात तपासलं होतं. त्यात लोह आणि मँगनीज फार निघालं. तिथला दगडच तसा. बाटल्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये कुलपात होत्या. काल खेडेकर सरांनी परीक्षकांसाठी तेच पाणी पुन्हा तपासलं, तर चार बाटल्यांतला धातू जवळजवळ गायब!

"सर म्हणतात, कुलूप शाबूत आहे, म्हणजे पाणी कुणी बदललेलं नाही. आकडे तूच रचलेस. उद्यापर्यंत खुलासा दिला नाही, तर प्रकल्प रद्द. माझं वर्ष जाईल, बाई. आणि नाव जाईल ते वेगळंच."

"पाचवी बाटली?"

"पहिल्या विहिरीची. ती तंतोतंत जुळली. तीच तर पंचाईत झालीय. सर म्हणतात, एक विहीर खरी मोजलीस आणि बाकीच्या घरी बसून लिहिल्यास."

"विहिरीवर काय काय केलंस, ओळीनं सांग."

"पहिली विहीर संध्याकाळी केली. अंधार पडला म्हणून वर्गातल्या मैत्रिणीकडे राहिले. दीपालीकडे. ते तिचंच गाव. बाकीच्या चार सकाळी केल्या. बाटली भरली की लगेच नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात, नाहीतर धातू पाण्यात राहत नाही, साका होऊन बसतो. ते मी पाचही बाटल्यांत घातले. अगदी देवाशपथ."

"त्या आम्लाला वास असतो. घालताना आला होता?"

"संध्याकाळी आला. सकाळी मात्र सर्दीनं नाक चोंदलं होतं. दीपालीच्या आईनं केलेल्या फणसाच्या सांदणांचासुद्धा वास आला नाही मला."

बाई उठल्या आणि त्यांनी चपला घातल्या.

प्रयोगशाळेत पहिला भेटला तो वेदिकाच्या वर्गातला ऋत्विक. फ्रिजची किल्ली त्याच्याकडेच असायची.

"मीच केलं असेल असं वाटत असणार तुम्हाला," तो आडवळण न घेता म्हणाला. "हो, जळतो मी तिच्यावर. पहिला नंबर माझा आणि सरांच्या तोंडी नाव तिचं! किल्ली माझ्याकडे, तिची आम्लाची बाटलीही मीच भरून दिली. पण पाण्याला हात लावला नाही. मला तिला हरवायचंय, बाई. ती अशी बाद झाली तर मी हरवणार कुणाला?"

"हाच!" बाहेर येताच भिकाजीराव बाईंच्या कानात कुजबुजले. "स्वतःच्या तोंडानं बोलला की."

मग दीपाली आली. बोलणं मऊ, चेहरा हसरा. तिनं वेदिकाचा हात हातात घेतला.

"आमची वेदिका असं करणारच नाही. माझी बहीणच आहे ती. आमच्या घरी राहते, जेवते. आई तर तिच्यावर जीव टाकते. उठता बसता वेदिका, वेदिका." शेवटच्या शब्दांना तिचं हसू जरा उसनं वाटलं.

"बोटं पिवळी कशानं गो झाली?" भिकाजीरावांनी सहज विचारलं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चांगलीच रंगली होती.

"ही होय? मागच्या आठवड्यात मावसबहिणीची हळद होती ना गावाला. किती धुतली तरी जातच नाही."

"हळद मेली चिवटच," भिकाजीराव म्हणाले.

बाईंनी पाचही पांढऱ्या बाटल्या मागून घेतल्या आणि एकेक उघडून आत मोबाईलचा उजेड पाडला. चार बाटल्यांच्या तळाशी तांबूस थर होता. पहिली स्वच्छ होती.

"त्यात काय बघताय?" भिकाजीराव वैतागले. "रत्नागिरीत तांबडं नाही असं काय आहे? माझं बनियनसुद्धा तांबडं."

"म्हणूनच कुणी बघितलं नाही," बाई म्हणाल्या. मग खेडेकर सरांना बाजूला घेऊन त्यांनी काहीतरी करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रयोगशाळेत जमले.

"पाणी कुणीच बदललं नाही," बाईंनी सुरुवात केली, "आणि आकडेही कुणी रचले नाहीत. धातू बाटल्यांतच होता, तळाशी बसलेला. वेदिकानं परत आल्या आल्या मोजलं तेव्हा पाणी ताजं होतं, म्हणून आकडे खरे आले. पुढे तो खाली बसत गेला. सर?"

खेडेकर सरांनी घसा खाकरला. "काल आम्ही त्या चार बाटल्यांत ताजं आम्ल घालून ठेवलं. आज मोजलं तर वेदिकाचे आकडे परत आले. वेदिका, माझं चुकलं. मी आधी तळ बघायला हवा होता."

वेदिकानं सरांच्या हातातून आकड्यांचा कागद घेतला.

"म्हणजे त्या चार बाटल्यांत आम्ल पडलंच नव्हतं," बाई पुढे म्हणाल्या. "वेदिकानं थेंब घातले, पण ते साध्या पाण्याचे. चोंदलेल्या नाकाला ते कळलं नाही. आता, ऋत्विकनं मुळात पाणीच भरून दिलं असतं, तर पहिली बाटलीही बिघडली असती. ती बिघडली नाही. संध्याकाळी आम्ल होतं, सकाळी नव्हतं. मधली रात्र ती आम्लाची बाटली एकाच घरात होती."

सगळ्यांच्या माना दीपालीकडे वळल्या.

"घरात दहा माणसं असतात," ती म्हणाली.

"असतात. पण नायट्रिक आम्ल सांडलं की कातडी पिवळी होते आणि धुऊन जात नाही. तुझी बोटं दाखव."

"सांगितलं ना, हळद आहे ती!"

"कुणाची गो हळद? अधिक महिना लागून दोन आठवडे झाले. भिकाजीरावांच्या घरी जावयासाठी अनारसे तळतायत. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडे लग्न कोण काढतं?"

भिकाजीरावांनी कपाळावर हात मारला. दीपालीनं हात ओढणीखाली घेतला, मग स्वतःच बाहेर काढला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"विहिरी माझ्या गावच्या," ती वेदिकाकडे बघत म्हणाली. "विषय मला सुचला होता. तू सरांना माझ्याआधी सांगितलास आणि तो तुझा झाला. तेही मी गिळलं. पण त्या रात्री आई तुझ्या डोक्याला तेल लावत होती. मला म्हणाली, हिच्यासारखी हो जरा. माझ्या आईनं, माझ्याच घरात! मला तू डोळ्यांसमोर नको झालीस."

"विषय तुझा होता, हे खरं," वेदिका हळू आवाजात म्हणाली. "त्याबद्दल भांडायचं होतंस माझ्याशी. पण चौथी विहीर तुमच्या परड्यातली आहे, दीपे. सगळ्यांत जास्त मँगनीज तिच्यात आहे. पाणी चांगलं आहे असा अहवाल गेला असता, तर तुझ्या दादाचा ओमकार तेच पीत राहिला असता. लहान पोरांच्या डोक्याला ते बाधतं, हे मला तूच शिकवलंस."

दीपालीचा चेहरा उतरला. हा विचार तिच्या मनाला शिवलाच नसावा. मत्सरात तिला फक्त वेदिका दिसत होती.

तिनं मोबाईल काढून घरी लावला.

"आई, ओमकारला आपल्या विहिरीचं पाणी देऊ नको. आजपासून नको. वरच्या वाडीतल्या नळाचं आण. आपलं चांगलं नाही."

पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "अगो, कोण म्हणतं? वेदिका म्हणते काय?"

दीपालीनं डोळे मिटले.

"हो," ती म्हणाली. "वेदिका म्हणते."

"मग बरोबरच असणार," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.