शमीमचं घट्ट इंजिन

टेबलावर मुठीत मावतील अशी दोन जुनी इंजिनं होती, हौसेने उडवायच्या छोट्या विमानांची. ऋताने पहिल्याचा पंखा बोटाने फिरवला, तो अलगद फिरला. दुसऱ्याचा मात्र मध्येच अडकला.

"यातलं चांगलं कोणतं?" मापक या यंत्रमानवाने विचारलं.

"पहिलंच की!"

२०६१ साली कोल्हापुरात ऋताच्या आबांनी अशा इंजिनांचं संग्रहालय काढलं होतं. पहिलं इंजिन त्यांनी स्वतः तरुणपणी बनवलेलं. दुसरं कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या शमीम मुल्ला यांचं. कारखान्याने कोणतं घ्यायचं, हे तेव्हा आबांनीच ठरवलं होतं.

मापकने दोन्ही इंजिनं सुरू केली. आबांचं आधी जोरात धावलं, पण तापल्यावर मंदावत गेलं. शमीमताईंचं तापलं आणि सुसाट निघालं.

"असं कसं?" ऋता चक्रावली.

"प्रसरण (तापल्यावर धातूचं फुगणं)," मापक म्हणाला. "नळीत दट्ट्या (वरखाली सरकणारा तुकडा) असतो. इंधन वरच्या टोकाशी जळतं, म्हणून नळी तिथेच जास्त फुगते. शमीमताईंनी ते टोक मुद्दाम किंचित अरुंद ठेवलं. थंडपणी दट्ट्या तिथे अडकतो. तापल्यावर नळी वरपासून खालपर्यंत सारखी होते, दाब गळत नाही. आबांची नळी थंडपणी सरळ आहे. तापली की वर सैल पडते."

शेजारी उभे राहून पाहणारे आबा खुर्चीत बसले. "ती म्हणाली होती, 'सर, एकदा तापवून बघा.' मी तिचं इंजिन नुसतं हाताने फिरवलं आणि नापास केलं."

"तापवलं का नाही?"

"माझं हरेल म्हणून. तिने कारखाना सोडला. पुन्हा इंजिनाला हात लावला नाही म्हणे."

शमीमताई तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. आबांनी त्यांच्या मुलीला फोन लावून सगळं सांगितलं.

"हे माझ्या अम्मीला ऐकायचं होतं," पलीकडून उत्तर आलं. "मला सांगून तुम्हालाच हलकं वाटणार." फोन बंद झाला.

मग आबांनी मागचं कपाट उघडलं. आत बरीच इंजिनं होती, प्रत्येकावर बनवणाऱ्याचं नाव.

"हीसुद्धा मी थंडच तपासली," ते म्हणाले.

ऋताने एक उचललं. "हे बनवणारे आहेत अजून?"

"आहेत. इचलकरंजीला असतात."

"मापक, हे आधी तापव."

आबांनी इंधनाची बाटली स्वतः पुढे केली.