जोडीशिवाय फुगडी

"अक्का, सैल नको गं धरूस... पीळ घाल बोटांना!"

सुखदाचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मारतहळ्ळीच्या एका पार्किंगमध्ये आम्ही बायका मंगळागौरीचे खेळ बसवत होतो. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या आम्ही सगळ्या. सुखदा एकटीच मूळची इथली, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातली. प्रत्येकीला अक्का म्हणायची.

आणि मग तिचा पकवा सुरू व्हायचा. फुगडीत दम धरून तोंडाने जो आवाज काढतात ना, तो.

फू... फू... फू...

भात्यातून वारा निघावा तसा. हजारांत ओळखू यावा असा.

पुढे लिहिते आहे ते तीनशे माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझी काही हरकत नाही.

सात ऑगस्ट दोन हजार बावीस. श्रावणातला रविवार. दुपारी चार. व्हाइटफील्डमधल्या एका सोसायटीचा हॉल.

अडीच वर्षांनी आम्ही खऱ्या रंगमंचावर उभ्या राहणार होतो. समोर खरी माणसं, खऱ्या टाळ्या. मेकअपच्या खोलीत गजऱ्यांचा वास आला आणि दोघी-तिघी रडल्याच.

आमच्या गटात आठ जणी नाचायच्या. मी, आसावरी, माइकपाशी गायची.

त्या दिवशी नाचायला सातच होत्या.

आदल्या वर्षी, एकवीसच्या एप्रिलमध्ये, पाडव्याच्या ऑनलाइन कार्यक्रमासाठी आम्ही एचएसआर लेआउटमधल्या एका गच्चीवर खेळांचा व्हिडिओ केला होता. गच्ची सुचेतावहिनींच्या बिल्डिंगची. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. सुखदा आणि वहिनी, ही फुगडीची ठरलेली जोडी.

त्यानंतर आठवड्याभरात सुखदाला ताप आला. मग तिच्या सासऱ्यांना. मग वहिनींनाही कोरोना झाल्याचं कळलं.

वहिनी वाचल्या.

सुखदा मे महिन्यात गेली. चार दिवसांनी तिचे सासरेही गेले.

सुखदा बँकेत काउंटरवर बसायची. त्यामुळे सगळ्यांनी एकच धरलं... तिनेच आणला. घरात तिचा फोटोसुद्धा लावला नाही.

तिची मुलगी अनुषा तेव्हा सोळा वर्षांची होती.

कार्यक्रमाला मीच तिला आग्रहाने बोलावलं. मेकअपच्या खोलीत आली, पण बसली नाही.

"आईच्या आठवणीसाठी एक गाणं ठेवलंय गं," मी म्हटलं.

"नको होतं ठेवायला, मावशी." तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "अम्माने घरात आणलं नसतं तर अज्जा आज असते."



वहिनी आरशासमोर बसल्या होत्या. कानातलं घालता घालता त्यांचा हात थांबला. मग तो पुन्हा चालू झाला.

फुगडीत वहिनींना जोडी नव्हती. मी दुसरी बाई आणू म्हटलं होतं. त्यांनी साफ नकार दिला.

"मी मागे उभी राहून टाळ्या देईन. माझा हात कुणाच्या हातात द्यायचा नाही."

पडदा उघडला.

झिम्मा झाला. टाळ्या अशा पडल्या की ऊर भरून आला. ढोलकीवर योगीराजदादा होते. त्यांनी मला डोळ्यांनीच खूण केली. आता फुगडी.

पुढे तीन जोड्या. मागे वहिनी एकट्या.

मी गायला लागले.

"धर गं मनगट घट्ट घट्ट,
आभाळ फिरू दे गरगर...
माझ्या पायाशी नाचतं अंगण,
तुझ्या पायाशी माझं घर..."

हे शब्द सुखदाचेच. तिनेच जुळवलेले.

तीन जोड्या फिरू लागल्या. पकवे सुरू झाले. इतकी वर्षं ऐकून माझा कान तयार आहे. कुठला आवाज कुणाचा, ते मला न बघता कळतं.

आणि मग...

फू... फू... फू...

एक आवाज जास्त होता.

तो रंगमंचाच्या मागच्या बाजूने येत होता.

मी वळून पाहिलं. वहिनींच्या टाळ्या थांबल्या होत्या. दोन्ही हात समोर ताणलेले. मनगटांवर मनगटं, फुगडीत घेतात तशी. बोटं कशावर तरी आवळलेली.

समोर कुणी नव्हतं.

वहिनी मागे झुकल्या. एकटं माणूस एवढं झुकलं तर पाठीवर आपटतं.

त्या पडल्या नाहीत.

त्या फिरायला लागल्या.

लोकांना वाटलं, काहीतरी युक्ती आहे. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आधी बांगड्या फुटल्या. कचाकच. हिरव्या काचा मनगटांत घुसल्या आणि रक्ताचे थेंब गोलात उडू लागले. पुढच्या जोडीच्या नऊवारीवर, ढोलकीवर, माझ्या गालावर.

ते गरम होतं.

"सोड!" वहिनी किंचाळल्या. "सुखदा, सोड गं!"

टाळ्या विझल्या. पुढच्या तिन्ही जोड्या थांबल्या. बायका विंगेत पळाल्या.

योगीराजदादा ढोलकी टाकून धावले. त्यांनी वहिनींच्या कमरेला मिठी मारली आणि पुढच्याच क्षणी ते माझ्या पायाशी येऊन आदळले. तोंड फळीवर. दोन दात पडले. ते रक्त थुंकत म्हणाले, "ताई, गाणं थांबवा! गाणं थांबवा आधी!"

मी गात होते.

ढोलकी थांबली होती, बायका पळाल्या होत्या, आणि मी गातच होते. तोंड मिटत नव्हतं. गळा माझा होता, पण माझ्या हातात नव्हता.

फुगडी गाणं चालू असेपर्यंत चालते.

कट्...

डावं मनगट मोडल्याचा आवाज माइकमधून सगळ्या हॉलने ऐकला. मग उजवा खांदा उखळीतून निघाला. हात विचित्र लांब झाला. तरी ती पकड सुटेना. प्रत्येक फेरीला वहिनींचं डोकं रंगमंचावरच्या दिव्यांच्या लोखंडी खांबावर आपटत होतं.

एक फेरी. धप्प.

दुसरी फेरी. धप्प.

तिसऱ्या फेरीला कपाळाची कातडी उलगडली.

"थांब!"

अनुषा रंगमंचावर चढली होती. पांढरीफटक.

"हा... हा पकवा अम्माचा आहे." ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "अम्मा?"

फू... फू... वेग दुप्पट झाला.

वहिनींनी रक्ताने भरलेलं तोंड उघडलं.

"तुझ्या अम्माने नाही आणला गं! मी आणला! गच्चीवर आले तेव्हा मलाच ताप होता. आदल्या रात्रीपासून. मी लपवलं! तुझी अम्मा ठणठणीत होती... मी तिचे हात धरले!"

माझं तोंड मिटलं.

वहिनी भिंतीवर जाऊन आदळल्या.

मग हॉलमध्ये ऐकू येत होतं एका बाळाचं रडणं तेवढं.

वहिनी जगल्या. डाव्या मनगटात पट्टी आणि सहा स्क्रू. कपाळावर एकोणीस टाके. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटं उलटसुलट पाहिली आणि मला बाजूला घेतलं. "यांना कोणी धरलं होतं? बोटांचे वळ आहेत. कातडी भाजलीये त्याखाली."



वहिनींनी नंतर सगळ्यांना सांगितलं. सुखदाच्या नवऱ्याला, बँकेतल्या लोकांना, आमच्या गटाला. प्रत्येकाला एकच वाक्य, "मी एकटीने लपवलं."

तीनच आठवड्यांत अनुषाने घरी आईचा फोटो लावला. मला वाटलं, संपलं.

मागच्या शनिवारी सकाळी ती माझ्याकडे आली. बाहेर भाजीवाला ओरडत होता, स्वच्छ ऊन होतं. मी कॉफी ठेवली. तिने कप हातात घेतला नाही.

"मावशी, एक विचारू? राग नको मानूस."

"विचार ना गं."

"तो सगळा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. अम्मा सुचेता मावशीला फिरवत होती, सरी, ठीक आहे. ते कळलं मला. पण सोडलं ते सुचेता मावशी बोलली तेव्हा नाही." ती थांबली. "तू गायची थांबलीस तेव्हा सोडलं. अम्माने तुला का गायला लावलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आणि माझे दोन्ही हात टेबलावरून वर उचलले गेले...

मी उचलले नव्हते.

अनुषाने ते पाहिलं. ती खुर्चीतून उठली, पण पळाली नाही. तिथेच उभी राहिली. वाट बघत.

"अनुषा," मी म्हटलं.  "पाडव्याचा व्हिडिओ पाठवायची ती शेवटची संध्याकाळ होती. वहिनी येत नाही म्हणत होत्या. मी त्यांच्या घरी गेले. तापाची गोळी मीच दिली त्यांना. अंग गार झाल्यावर मीच त्यांना गच्चीवर नेलं."

माझी मनगटं आवळली जात होती.

"तुझ्या अम्माने हात धरण्याआधी मला विचारलं होतं. घरी सासरे आहेत गं अक्का, सगळ्या बऱ्या आहेत ना, म्हणून."

"मग?"

"मी म्हणाले, हो."