कालव्यापाशी होणारं मिसिंग

तासगावच्या इंजिन-निदान केंद्रात चाचणीच्या रोलरवर चढवली की सर्जेराव खराड्यांची पिकअप अगदी शहाण्या मुलासारखी वागायची. चारही सिलिंडर सुरात. कालव्याच्या चढावर पोचली की मात्र तिला उचकी लागायची, गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' व्हायचं. आज तर द्राक्षांचे क्रेट भरलेली गाडी तिथं मागे घसरली आणि सर्जेरावांच्या, म्हणजे आबांच्या, तोंडचं पाणी पळालं.

"प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर धुतले," गुरव मिस्त्रींनी कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "इंजिन ठणठणीत हाय. भूत शिरलंय हिच्यात."

"भूत नाही मिस्त्री, सवय," पडद्यावरची नजर न काढता यंत्रतज्ज्ञ रेहाना मुल्ला म्हणाली. "या गाडीत पूर्वचाहूल यंत्रणा आहे. चालक रोज कुठे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो ते ती शिकते आणि इंधन वाचवायला त्याच्या जरा आधीच एकदोन सिलिंडर बंद करते."

"पण तिथं ना वळण, ना गतिरोधक!" मिस्त्री म्हणाले.

"तेच तर. चार वर्षं आबांनी तिथे पाय उचलला, एक दिवस चुकला नाही. आता यंत्रणेची पक्की खात्री झालीय. आज गाडी भरलेली, आबांनी पाय दाबला, तरी तिने सवयीचंच ऐकलं."

नकाशावर पाय उचलल्याच्या लाल ठिपक्यांचा नुसता गठ्ठा झाला होता, आणि तो कालव्याच्या चढावर, दिनकरच्या फाटकासमोर होता. आबांचे कान तापले. दिनकर त्यांचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव छापायचं राहिलं, आबांनी ती चूक छापखान्यावर ढकलली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. रोज त्या फाटकापाशी आबा अंगणात डोकावत. तो दिसला की दिवस बरा जाई. थांबायचं धाडस मात्र एकदाही झालं नव्हतं.

"माणसापेक्षा गाडी खरी बोलती," मिस्त्री मिश्कीलपणे म्हणाले.

"पुसून टाक पोरी ती सवय," आबा पुटपुटले. "उगीच गाडीला कशाला ताप?"

रेहानाने बटणावर बोट नेलं आणि थांबवलं. "आबा, गिऱ्हाइकाचं नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही. पण मागे शेडमध्ये अशीच एक पिकअप आहे. तीही त्याच रस्त्यावर मिसिंग करते. पंपघराशेजारी, निळ्या फाटकासमोर."

पंपघराशेजारचं निळं फाटक आबांचं होतं.

आबांनी खुर्चीची पाठ धरली. अबोला धरायच्या आधी दिनकरनं त्यांच्याच सोबत, एकाच दिवशी, तसलीच पिकअप घेतली होती. म्हणजे तोही, रोज, चार वर्षं.

"त्याची सवय पुसलीस का गं?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.

"अजून नाही. चारला येणार आहेत, त्यांच्यासमोर पुसणार."

घड्याळात साडेतीन झाले होते. आबा बाकावर बसले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

"तो आला की तुम्ही दोघंबी गप ऱ्हावा," ते म्हणाले. "छापखान्याची काय चूक नव्हती, हे आधी मला सांगू द्या."